होल्ड म्हणजे काय, हेमा?

पिंप्राळा, जळगाव
९ सप्टेंबर २०२४

हेमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही उघडलंस, बरं केलंस. शाळेच्या पत्त्यावर पाठवलं म्हणून रागावू नकोस. देवपुरातलं तुझं घर मी पाहिलेलं नाही, आणि फोन केला की तू "तास चालू आहे आई" म्हणून ठेवून देतेस. शिवाय फोनवर बोलायचं तर तुझे नाना समोरच बसलेले असतात. त्यांना सगळं कळतं. कळत नाही असं धरून लोक त्यांच्यासमोर वाटेल ते बोलतात, आणि मग त्यांचे डोळे बघवत नाहीत.

त्यांना लकवा मारला हे मी तुला कळवलं होतं. दवाखान्यात तू आली नाहीस, पण डॉक्टरांचं नाव विचारून त्यांना तू स्वतः फोन केलास, हे त्यांच्याकडूनच मला समजलं. ते म्हणाले, तुमच्या मुलीनं फार नेमके प्रश्न विचारले. मला बरं वाटलं.

आता घरी आलोय. उजवा पाय ओढत चालतात, उजवा हात अजून नुसता लोंबतो. ते जमेल म्हणतात. वाचा मात्र गेली. सगळी नाही, एक शब्द राहिलाय. तोही मराठी नाही.

होल्ड.

चहा हवा, होल्ड. चहा नको, होल्ड. बाहेर कुत्रं भुंकलं, होल्ड. परवा दूध उतू जात होतं, मी मागच्या दारी होते, तर हॉलमधून "होल्ड, होल्ड, होल्ड" असा ओरडा. धावत आले आणि गॅस बंद केला. बेबाबाई शेजारून आली, तिला वाटलं हे माझ्यावर चिडलेत. तिला मी सांगितलं, अगं, दूध वाचवलं त्यांनी. तीही मग माझ्यासारखंच म्हणाली, सगळं कळतं यांना, "भाऊले बठ्ठं समजस वं, फक्त तोंडमाईन निंघत नही."

सूतगिरणीच्या टेलिफोन बोर्डावर उभा जन्म गेला त्यांचा. दिवसभर तेच, होल्ड करा, जोडून देतो. घरी आल्यावर चार वाक्यंसुद्धा बोलायचे नाहीत, तुला माहीतच आहे. गावातल्या कितीतरी लोकांना त्यांचा आवाज ठाऊक होता, चेहरा कुणालाच नाही. आता तोच एक शब्द तेवढा तोंडात उरलाय.

मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. मला वाटायचं होल्ड म्हणजे फोनवर थांबा. पण हे ज्या ज्या वेळी तो शब्द वापरतात, तिथं थांबा बसत नाही. तू मुलांना इंग्रजी शिकवतेस. म्हणून विचारते. होल्ड म्हणजे काय, हेमा? सगळे अर्थ लिहून पाठव. मी एकेक लावून बघीन, कुठला कधी लागू पडतो ते.

दुसरं काही मागत नाही.

आई


पिंप्राळा
२८ सप्टेंबर २०२४

हेमा,

तुझं पाकीट आलं. आत एकच कागद, वर नाव नाही, खाली सही नाही, नुसते अर्थ. तरी मी तो कितीदा वाचला ते सांगत नाही. शिक्षिका शोभतेस. प्रत्येक अर्थाखाली रोजच्या बोलण्यातलं एक वाक्य आणि पुढं मराठी.

पहिलाच अर्थ वाचून मी कपाळावर हात मारला. होल्ड म्हणजे मुळात धरणे. हातात धरणे. मग हे जेव्हा भिंतीशी उभे राहून होल्ड म्हणतात, तेव्हा मला धर म्हणत असतात, आणि मी आपली लांबच थांबून राहायचे. त्या दिवशी लगेच जाऊन दंडाला धरलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की कळलं, इतके दिवस हेच सांगत होते.

बाकीचेही लावून पाहिले. हंड्यात किती पाणी मावतं, तिथंही होल्ड. दोरी वजन पेलते, तिथंही होल्ड. सभा भरवतात, तिथंही. श्वास रोखतात, तिथंही. एवढ्या वेगवेगळ्या कामांना एकच शब्द कसा पुरतो म्हणून नवल करत होते, मग वाटलं, आपलं धरणं तरी काय वेगळं? हात धरतो, वाट धरतो, उपास धरतो, धीर धरतो. केळीला घड धरतो. बेबाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, पाऊसबी धरस. उपासाला इंग्रजीत होल्ड चालतं का, ते कळव.

आठवड्यातून दोनदा कामिनी मॅडम येतात, वाचा शिकवणाऱ्या. तुझ्यापेक्षा लहान आहेत. तुझा कागद त्यांना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाल्या, मावशी, एवढा अर्थ शोधू नका. लकव्यानंतर एखादा शब्द असा अडकून बसतो. आत त्यांना पाणी म्हणायचं असतं, माझी बायको म्हणायचं असतं, बाहेर येताना सगळ्याचं तेच होतं. शब्दाकडं नाही, सुराकडं लक्ष द्या, हाताकडं बघा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांना वेळ द्या. मध्येच त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. हे शेवटचं मला फार जड जातं. संसारभर त्यांच्या वाटचं मीच बोलत आले.

मॅडमचं बरोबर असेल. तरी तुझा कागद मी देव्हाऱ्याजवळ ठेवलाय.

त्यातला अगदी शेवटचा अर्थ वाचला. एखाद्याबद्दल मनात धरून ठेवणे. त्याखाली तू वाक्य दिलेलं नाहीस.

हेमा, तू काय धरून बसलीस ते मला ठाऊक आहे असं मी आजवर समजत आले. सुरतेजवळचं ते उधन्याचं स्थळ आम्ही पुरतं न बघता केलं, तुला पुढं शिकायचं असताना केलं. तिथं तुझे हाल झाले. तू ते घर सोडून धुळ्याला गेलीस, पुढं काडीमोड झाला, आम्ही कुणीच तुला त्यावरून बोललो नाही. लग्नकार्यात तू मला भेटतेस, हसतेस, माझ्या ताटात वाढतेस. नानांकडं मात्र पाठ करून बसतेस. स्थळ तर आम्ही दोघांनी केलं होतं ना? मग माझ्याशी बोलतेस आणि त्यांच्याशी नाही, असं का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते.

आई


देवपूर, धुळे
१२ ऑक्टोबर २०२४

आई,

उपासाला होल्ड चालत नाही. तिथं कीप म्हणतात.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हे मी मैत्रिणींत एका दिपमालाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. नाना तुला सांगतील असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. तुझ्या पत्रावरून दिसतं की त्यांनी सांगितलं नाही.

उधन्याला त्या लोकांनी माझा मोबाईल काढून घेतला होता. मारहाण तुला नंतर कळली, ती तेव्हा रोजची झाली होती. एका दुपारी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून गिरणीत फोन लावला. घरी लावला नाही, कारण तू रडली असतीस आणि मला नाना हवे होते. त्यांनी फोन उचलला. मी म्हटलं, नाना, मी हेमा, मला आत्ताच्या आत्ता घ्यायला या. ते म्हणाले, "होल्ड कर बेटा." आणि ती ट्यूं ट्यूं धून वाजायला लागली, बोर्डावरची.

मी होल्ड केलं. बूथवाला बघत होता, मागं माणसं उभी होती. ते गाणं संपायचं आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. माझ्याजवळची नाणी संपली तेव्हा लाईन गेली. नाना परत आले नाहीत.

मी घरी गेलेच नाही. भाजीची पिशवी घेऊन स्टेशनवर गेले आणि भुसावळकडं जाणाऱ्या गाडीत बसले. ती गाडी जळगावलाच जाते, आई. मी आधीच नरडाण्याला उतरले. तिथून धुळ्याला दिपमालाकडं. उतरताना वाटलं होतं, एखाद-दोन दिवसांत ते शोधत येतील.

त्यांना आता बोलता येत नाही याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण त्यांच्याकडं राहिलेला शब्द कुठला, हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते, आणि पुढचा तास मी घेऊ शकले नाही.

हेमलता


पिंप्राळा
२० ऑक्टोबर २०२४

हेमा,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. मग परत वाचलं. भाजी करपली.

तू नरडाण्याला उतरलीस, हे मी अजून मनात नीट आणू शकत नाही. तुझी तीच गाडी पुढं जळगावात आली असणार. त्या वेळी मी घरात काय करत होते? शेंगदाणे भाजत असेन, कपडे वाळत घालत असेन. स्टेशन आपल्या घरापासून किती लांब आहे?

नाना खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. आजारी माणसाला असं विचारावं की नाही याचा विचार केला नाही. म्हटलं, हेमानं उधन्याहून तुम्हाला गिरणीत फोन केला होता?

ते माझ्याकडं बघत राहिले.

म्हटलं, मला घ्यायला या म्हणाली होती?

त्यांनी तोंड उघडलं. कामिनी मॅडमनी सांगितल्याप्रमाणं मी वाट बघितली, एक शब्द पुरवला नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "होल्ड." पण रोजच्यासारखं नाही. रोज ते घशातून ओढून काढतात. हे अगदी स्वच्छ आलं, मऊ आणि अदबशीर, बोर्डावरच्या त्या आवाजात. गावातल्या लोकांना ठाऊक असलेल्या. मला कळलं की त्यांना कळलंय.

मग रडले. लकव्याच्या माणसाला रडू आवरत नाही म्हणतात, तसलं ते नव्हतं. इतर वेळी त्यांचे डोळे मीच पुसते, त्यांचा उजवा हात उचलत नाही आणि डाव्याला सवय नाही म्हणून. त्या दिवशी पुसले नाहीत. उठून गेले आणि करपलेली कढई घासत बसले.

जेवायला वाढलं, औषध दिलं, कूस बदलून दिली. पण दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी अबोला धरायचा म्हणजे काय, ते आता मला माहीत झालंय. बेबाबाईनं विचारलं, काय व्हयनं वं? मी काही सांगितलं नाही. हे तुझं आहे, तुझ्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगणार नाही.

तुला मी काय लिहू? तू आत्ता इथं असतीस तर तुला जवळ घेतलं असतं, एवढंच सुचतं.

आई


पिंप्राळा
११ नोव्हेंबर २०२४

हेमा,

तू पाठवलेला फराळ मिळाला. चकल्या दिपमालाच्या हातच्या असणार, तुला कधी जमल्या नाहीत. नानांना चिवडा चालत नाही, ठसका लागतो. शंकरपाळी दुधात भिजवून दिली. कुणी पाठवली ते सांगितलं. त्यांनी एक हातात धरून ठेवली, बराच वेळ खाल्ली नाही.

भाऊबीजेनंतर जीवराम आला होता. तुला आठवत असेल, गिरणीत नानांच्या पाळीनंतर बोर्डावर बसायचा तो. अमळनेरला राहतो आता, मुलाकडं. नानांना बघून फार कळवळला. ते झोपल्यावर आम्ही अंगणात बसलो, आणि मी त्याला सरळ विचारलं. तुझं काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं की त्या साली लेकीचा फोन आला होता का, तुला काही आठवतं का.

त्याला आठवत होतं. त्यानं जे सांगितलं ते तसंच लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

त्या दुपारी चेअरमनसाहेबांचा फोन त्याच वेळी आला होता, मुंबईहून. नानांनी तुला थांबवलं आणि त्यांना जोडून द्यायला गेले. मॅनेजर जागेवर नव्हते, त्यांना शोधण्यात वेळ गेला. परत तुझी लाईन घेतली तेव्हा ती बंद पडली होती. नंबर उमटायची सोय त्या बोर्डावर नव्हती. जीवराम पाळी बदलायला गेला तर हे उठेनात. म्हणाले, माझ्या मुलीचा फोन येणार आहे, मी बसतो. रात्री उशिरा घरी आले असणार, मला आठवत नाही. कामाचं काही निघालं म्हणाले असतील.

दुसऱ्या दिवसापासून बोर्डावरची एक बाहेरची लाईन ते कुणाला देईनात. साहेबलोकांनी मागितली तरी नाही, लाईन खराब आहे म्हणायचे. महिनाभर तरी हे चाललं. शेवटी तक्रार गेली, मेमो मिळाला, वरिष्ठांनी सगळ्यांसमोर झापलं.  मुलीसाठी ठेवली होती, हे नानांनी सांगितलं नाही. जीवराम म्हणाला, "वहिनी, मी त्यांना म्हटलं, ईश्वरभाऊ, सुरतेला जाऊन या ना एकदा. ते म्हणाले, ती करेल फोन."

हेमा, ती लाईन त्यांनी मोकळी ठेवली. गाडीत मात्र बसले नाहीत. पुढं तू धुळ्यात असल्याचं कळल्यावरही बसले नाहीत. तेव्हा तर फक्त एसटीचा प्रश्न होता. कुठल्या तोंडानं जाऊ असं वाटलं असेल. भिडस्त माणूस, चेअरमनला थांबवायची हिंमत झाली नाही आणि लेकीसमोर उभं राहायचीही नाही. हे दोन्ही तुला सांगायला हवं म्हणून लिहिलं. एकानं दुसरं पुसलं जातं असं माझं म्हणणं नाही. मला स्वतःला कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं, दिवसातून चारदा बदलतं.

ये असं मी लिहीत नाही. तुझं तू ठरव.

मॅडम म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत जेवढी वाचा परत येते तेवढी पुढं येत नाही. हे तुला घाई करायला नाही लिहिलं. माहिती म्हणून लिहिलं.

आई


देवपूर, धुळे
२७ नोव्हेंबर २०२४

आई,

रविवारी, आठ तारखेला येते. सकाळी निघून संध्याकाळी परत.

तीन गोष्टी. माफ केलं वगैरे कुणाला सांगू नकोस, कारण तसं काही मला अजून वाटत नाही. नातेवाईक गोळा करू नकोस. आणि मी तुझ्या त्या कामिनी मॅडमशी फोनवर बोलले आहे. माझ्या वर्गात उशिरा बोलायला लागलेली दोन मुलं आहेत, त्यांच्याबरोबर मी जे करते त्यातलं काही नानांना उपयोगी पडेल असं त्या म्हणाल्या. मी त्यासाठी येतेय.

भरीत करशील?

हेमलता


पिंप्राळा
१७ डिसेंबर २०२४

हेमा,

तू गेल्यावर घर किती वेळ तसंच राहिलं. तुझी प्लेट मी दुसऱ्या दिवशी घासली.

भरीत चांगलं झालं होतं ना? वांगी बामणोदची होती, बेबाबाईनं पुतण्याकडून मागवलेली. कापसाच्या काड्यांवर भाजायची म्हणून मी गच्चीवर होते, तुला वाटलं असेल आई मुद्दाम वर गेली. थोडं मुद्दामही होतं. पण वांगी झाली, मी खाली आले आणि जिन्यात थांबले. तुमचं ऐकलं. हे तुला सांगून टाकते, नाहीतर मला चैन पडणार नाही.

तू त्यांना म्हणालीस, "नाना, त्या दिवशी मी फोन धरून उभी होते. खूप वेळ उभी होते."

त्यांनी म्हटलं, "होल्ड."

"हो. तुम्ही तेच म्हणाला होतात."

 मला वाटलं तू उठून जाशील. मी परातीतल्या गरम वांग्यांसकट उभी, हात भाजत होते, पण पाऊल उचलवत नव्हतं. दाराच्या फटीतून दिसलं, नानांनी डावा हात पुढं केला होता, उताणा. तू तो धरला नाहीस. मला तुझा राग आला नाही. हात त्यांनी तसाच ठेवला, मागं घेतला नाही. मग तू टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून त्या हातात दिलास आणि म्हणालीस, "हे धरा. आणि मराठीत म्हणा. ध. धरा."

पुढं किती वेळ तो एक ध चालला. होल्ड, ध, होल्ड, होल्ड, ध. वर्गातल्या मुलाशी बोलावं तसा तुझा आवाज होता, ना गोड ना कडक. जीभ कुठं लावायची ते तू स्वतःच्या दातांवर बोट ठेवून दाखवत होतीस. ते तुझ्या तोंडाकडं बघत होते. हेमा, लहानपणी ते तुला बाराखडी म्हणायला लावायचे तेव्हा तू त्यांच्याकडं असंच बघायचीस. शेवटी एकदा नुसता ध निघाला, स्वच्छ. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, परत. माझी परात कलंडली ती तेव्हा.

निघताना उंबऱ्यावर त्यांचा पाय अडखळला आणि तू त्यांना कोपराला पकडलंस. पायरी उतरून फाटकापर्यंत सोडलं नाहीस. ते तुझ्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. रिक्षा लागली तेव्हा मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलत होते, आणि तू त्यांचं कोपर धरून उभीच होतीस.

ध रोज करतो. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी. पुढं जात नाही, धरा काही होत नाही. मॅडम म्हणतात, होईल किंवा दुसरंच काही होईल.

पंधरा दिवसांनी येते म्हणालीस. त्यांना कॅलेंडर दाखवून सांगितलंय.

आई


पारोळा बसस्टँड
१९ जानेवारी २०२५, रविवार

हेमा,

अक्षर लागलं नाही तर माफ कर, गाडीत मांडीवर पिशवी ठेवून लिहितेय. ड्रायव्हर चहाला उतरलाय. आम्ही धुळ्याला येतोय.

तुला फोन केला नाही. करायला घेतला होता, नानांनी मोबाईलवर हात ठेवला.

दोन रविवार तुला जमलं नाही, शाळेचं गॅदरिंग आणि मग दहावीची सराव परीक्षा, हे मी त्यांना समजावून सांगितलं होतं. मान हलवायचे. पण आज सकाळी अंघोळ झाल्यावर बघते तर डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत बसलेले, वरची खाली, खालची वर. मग भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि पायात चपला सरकवल्या. उजवी काही जाईना. मी विचारलं, फिरायला जायचं का? होल्ड. बेबाबाईकडं? होल्ड, जोरात. रस्त्याकडं हात केला, स्टँड आहे त्या बाजूला. मला कळलं, पण मी कळून न कळल्यासारखं केलं. म्हटलं, आज नको, तिला विचारू, ती नसेल घरी, एवढ्या लांब तुम्हाला झेपायचं नाही, पुढच्या आठवड्यात बघू. तू ओळखतेस मला, मी अशी अख्खी यादी म्हणू शकते. ते ऐकून घेत उंबऱ्यावर बसले आणि ती उजवी चप्पल हातात घेऊन माझ्याकडं धरली. मी घातली त्यांच्या पायात. काय करणार?

बेबाबाईनं चटणीभाकरी बांधून दिली. दोन पोरांनी धरून त्यांना गाडीत चढवलं. खिडकीशी बसवलं, मी बाजूला.

एरंडोल मागं पडल्यावर कंडक्टर आला. तरुण होता, घाईत होता, गाडी गच्च भरलेली. त्यानं नानांकडं बघून विचारलं, "कुठं, बाबा?"

माझ्या तोंडात शब्द आलाच होता. मी ओठ दाबून धरले. मॅडमसाठी नाही, का कोण जाणे. नानांनी तोंड उघडलं. होल्ड आलं नाही. काहीच आलं नाही. जबडा नुसता हलत होता. मागून कुणीतरी म्हटलं, अहो मावशी, सांगा ना तुम्ही. कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, नाही म्हणून. तो काय समजला देव जाणे, पण मशीन खाली करून उभा राहिला. गाडी खड्ड्यात आदळली तशी त्यानं वरची दांडी पकडली, पण पुढं गेला नाही. नानांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी दातांना जीभ लावली, तू दाखवलीस तशी.

"धु," ते म्हणाले. थांबले. मग म्हणाले, "धुळे."

कंडक्टरनं विचारलं, "दोन धुळे?"

नानांनी मान डोलावली. त्यानं तिकिटं फाडून त्यांच्याच हातात दिली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापसाची रिकामी वावरं होती, दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी तिकिटं मुठीत घट्ट धरलीत, अजून सोडलेली नाहीत. पारोळ्यापर्यंत तो शब्द त्यांनी पुटपुटत किती वेळा म्हटला. आपला शब्द परत पळून जाऊ नये म्हणून म्हणत असतील. मधूनच होल्ड येतो, मग थांबतात, जीभ लावतात आणि परत धुळे.

हे पत्र टपालात टाकत नाही. हातानंच आणते. देवपुरात रिक्षावाल्याला विचारत विचारत येऊ, पत्ता तू पाकिटावर लिहिला होतास तो पिशवीत आहे.

ड्रायव्हर आला. तुला आधी कळवलं नाही, तेव्हा तू घरी नसशीलही. आम्ही पायरीवर बसू. शाळेत असलीस, बाजारात असलीस, दिपमालाकडं असलीस, तुझं काम आटपून ये. आम्हाला कसलीच घाई नाही.

आई